आधी काटा बघा, मग रांग

2024 च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टँकरच्या ड्रायव्हरांनी संप केला आणि पंप कोरडे पडले. तेव्हा आलेल्या पत्रांत पेट्रोलच्या टंचाईशिवाय दुसरा विषयच नव्हता. मी 29 वर्षं सिन्नरकडच्या एका पंपावर मॅनेजर होतो हे संपादकांनी कधीतरी छापून टाकलं, त्यामुळे सगळा राग माझ्याच पत्त्यावर आला. त्यातली तीन पत्रं घेतो.

प्रश्न : नमस्कार काका. मी येवल्याची, मनमाडला शाळेत शिकवते. स्कूटरवर जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. रोज सकाळी शंभर-सव्वाशेचं पेट्रोल टाकायचं आणि निघायचं, असा माझा शिरस्ता. 2 जानेवारीला, मंगळवारी, पंपावर गेले तर रांग पार रस्त्यावर. दोन तास उभी राहिले. पुढे फक्त चार गाड्या उरल्या असताना पोराने नोझल अडकवलं आणि म्हणाला, "संपलं." शाळा बुडाली. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांच्या एवढाल्या टाक्या, आणि त्यांच्या उशाशी राहून आम्हालाच पेट्रोल नाही? मिस्टर म्हणतात, आता घरात दहा लिटरचा कॅन भरूनच ठेवू. ठेवावा का?
— एक वाचिका, येवला

उत्तर : ताई, पानेवाडीत तेल होतं, टँकरवर बसायला माणूस नव्हता. तिथं मुंबईहून पाइपलाइनने तेल येतं, पण तिथून तुमच्या पंपापर्यंत ते चाकांवरच येतं. पंपवाला आगाऊ पैसे भरून मागणी नोंदवतो, टँकर भरतो, सील लागतं, इकडे आल्यावर सील बघायचं, माल किती ते मोजायला डिपची काठी घालायची, भेसळ नाही ना हे बघायला डेन्सिटी (घनता) घ्यायची, मग खाली करायचं. या साखळीत ड्रायव्हरने "मी येत नाही" म्हटलं की बाकी सगळं असून नसल्यासारखं.

ड्रायव्हर का आले नाहीत, हेही सांगतो, कारण रांगेत उभी राहून माणसं त्यांनाच शिव्या घालत होती. 2023 च्या डिसेंबरात संसदेने जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता मंजूर केली. तिच्या 106 (2) कलमात असं आहे की, निष्काळजीपणे गाडी चालवून कुणाचा जीव गेला आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. जुन्या संहितेच्या 304-अ कलमात दोन वर्षांपर्यंत होती. ड्रायव्हरांचं म्हणणं, थांबलो तर जमाव मारतो आणि पळालो तर दहा वर्षं. मी टँकरवाल्यांबरोबर चहा पिण्यात उमर घालवली आहे. त्यातला एक जण महामार्गावर मागून येऊन धडकलेल्या मोटरसायकलवाल्यासाठी थांबला होता. लोकांनी त्याचा हात मोडला. कायदा बरोबर की चूक हे मी ठरवणार नाही, पण त्यांची भीती खोटी नव्हती. मंगळवारी रात्री केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेला सांगितलं की हे कलम अजून लागू नाही आणि लागू करण्याआधी तुमच्याशी बोलू. संप मिटला.

म्हणजे खरी टंचाई दोन दिवसांची. मग एवढा हाहाकार कशाने? गणित बघा. समजा, सकाळी पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत नऊ हजार लिटर पेट्रोल आहे. एरवी दुचाकीवाला दीडशेचं टाकतो, म्हणजे दीड लिटरच्या आत-बाहेर. तेवढ्या मालात सहा हजार गाड्या निघतात. त्या दिवशी मात्र प्रत्येक जण म्हणाला, "फुल्ल कर." गाडीमागे पाच लिटर धरले तर अठराशे गाड्यांत टाकी कोरडी. उरलेल्या बेचाळीसशे गाड्यांचं पेट्रोल कुठे गेलं? शेजाऱ्यांच्या टाक्यांत जाऊन बसलं. त्यातल्या निम्म्या गाड्या दुसऱ्या दिवशी घराबाहेरही पडल्या नसतील.

आता तुमच्याकडे येतो, रागावू नका. रोज शंभर-सव्वाशेचं टाकायचं म्हणजे काटा कायम लालात. तुमच्या स्कूटरला लिटरमागे 45 किलोमीटर धरले तर रोजचं सव्वा लिटरही लागत नाही. टाकी पाच लिटरची असेल. काटा निम्म्यावर आला की भरायची सवय असती, तर मंगळवारी सकाळी तुमच्याकडे निदान दोन दिवसांचं पेट्रोल असतं, आणि संप दोनच दिवस चालला. रांगेकडे बघत तुम्ही सरळ मनमाडला गेला असता. महिन्याचा खर्च यात एक रुपयाने वाढत नाही. एकदाच चार-पाचशे रुपये जास्तीचे गुंततात, तेवढंच. 2009 च्या जानेवारीत सरकारी तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांचा संप झाला होता. तोही तिसऱ्या दिवशी मिटला आणि तेव्हाही पंपावर धक्काबुक्की करणाऱ्यांत लालातले काटेच जास्त होते. आम्ही ते तीन दिवस पंपाच्या कट्ट्यावर बसून मोजलेले आहेत.

पुराची टंचाई वेगळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरला टँकर पोचेनात. तिथं सवयीचं काही चालत नाही, गाडी दारात लावून बसायचं. तुमच्या इथं निदान एसटी आहे आणि वेळ जुळली तर रेल्वेही.

कॅनचं म्हणाल तर मिस्टरांना माझा नमस्कार सांगा आणि कॅन विकत घेऊ देऊ नका. पेट्रोलियम कायद्यात घरच्या वापरासाठी विनापरवाना 30 लिटरपर्यंत मुभा आहे, हे खरं. पण भांडं घट्ट बुचाचं, आणि काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एका लिटरपर्यंत, धातूचं असेल तर 25 लिटरपर्यंत. त्या यादीत प्लास्टिक नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी येवल्यातल्या घरात ठेवणार कुठे? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, फरशीवरून सरपटत जाते आणि ठिणगी शोधते. आमच्या पंपावर एक नेहमीचं गिऱ्हाईक होतं. 2009 च्या त्या संपानंतर त्याने धडा घेतला म्हणून तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये पेट्रोल भरून न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवलं. झाकण सैल. तिथंच भिंतीवर गॅसचा गिझर. पुढच्या आठवड्यात साहेब पंपावर आले ते भुवया नसलेले. पापण्याही नव्हत्या. डोक्याचे पुढचे केस चिकटून तपकिरी मणी झाले होते, आणि मी विचारायच्या आत म्हणाला, "हसू नका, बायको दारात उभी होती." बादलीभर कपडे जळण्यावर भागलं हे नशीब. आता तर पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढतं. साठवलेलं तसंच राहील असंही नाही. घरात पेट्रोल ठेवायची सगळ्यात चांगली जागा स्कूटरची टाकी.

प्रश्न : माझी मोटरसायकल 2021 ची आहे. टंचाईत पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करून इंजिन बंद करतो. परवा पेट्रोल संपल्यावर बाबांच्या सांगण्यावरून गाडी आडवी करून हलवली, तरी चालू होईना. त्यांची जुनी गाडी तर अशी तीन किलोमीटर जायची.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बाबांच्या गाडीला कार्बोरेटर होता आणि रिझर्व्हची कळ होती. तुझ्या बीएस-6, म्हणजे नव्या प्रदूषण-नियमांच्या, गाडीत पेट्रोल फवारून आत जातं, त्यासाठी टाकीच्या आतच एक छोटा विजेचा पंप असतो. तो पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. टाकी सारखी कोरडी पाडशील तर तो तापून मरतो, आणि त्याच्या बिलात तुला कितीतरी वेळा टाकी भरून मिळेल. आडवी करणं बंद.

न्यूट्रलही बंद. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलेटर पूर्ण सोडला की असं इंजिन फवारा आपोआप थांबवतं, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये ते चालू ठेवायला उलट थोडं पेट्रोल लागतंच. आणि इंजिन बंद करून घाट उतरलास तर सगळा भार ब्रेकवर. चाळीस-पन्नासच्या वेगात एकसारखी चालव, हवा तपास, रांगेत उभा असताना गाडी बंद ठेव. यातलं हवेचं काम पंपावर फुकट होतं आणि तेच कोणी करत नाही.

प्रश्न : पंपवाल्याने प्रत्येकाला दोनशेच्याच पेट्रोलची मर्यादा घातली. पुढे "शिल्लक नाही" अशी पाटी लावली, आणि अर्ध्या तासाने रुग्णवाहिकेत भरताना मी डोळ्यांनी पाहिलं. ही लबाडी नाही का?
— एक वाचक, मालेगाव

उत्तर : दोनशेची मर्यादा घालणारा पंपवाला मला शहाणा वाटतो. वरचं बेचाळीसशे गाड्यांचं गणित पुन्हा वाचा. रुग्णवाहिकेसाठी थोडा माल बाजूला ठेवणं हीही लबाडी नव्हे. कोल्हापूरच्या पुरात पेट्रोल अत्यावश्यक सेवांसाठीच राखून ठेवावं लागलं होतं. शिवाय टाकीच्या तळाशी थोडा माल कायम राहतो, तिथपर्यंत ओढणारा पाइप पोचत नाही. डिपची काठी ओली निघते, पण नोझल हवा टाकतं. ते गिऱ्हाइकाला पटवून देण्यात माझे निम्मे केस गेले.

मात्र पाटीनंतर ओळखीच्या मोटारी मागच्या बाजूने भरल्या जात असतील, तर ती सरळ लबाडी. तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर लिहून ठेवा. पंपावर तक्रारवही असते, ती मागा. देताना पोरगा कां-कूं करेल. तुम्ही हलू नका.