पुष्पौषधी सुरू केली, तर डॉक्टरांच्या गोळ्या बंद करता येतील का?

"मॅडम, फुलांची औषधे सुरू केली आहेत; आता गोळ्या बंद केल्या तर चालेल ना?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. पंचेचाळिशीच्या एका शिक्षिकेने तो विचारला, तेव्हा मात्र गोळ्या बंद करून आठ दिवस उलटले होते. (ओळख पटू नये म्हणून त्यांच्याविषयीचे तपशील बदलले आहेत.)

मुलगा शिकायला पुण्याला गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती. मनोविकारतज्ज्ञांनी दिलेल्या एसिटालोप्राम या चिंता व उदासीवरच्या गोळीने तीन महिन्यांत बराच आराम पडला, आणि नेमक्या त्याच वेळी नात्यातल्या कुणीतरी 'या गोळ्यांची सवय लागते' असे सांगून पुष्पौषधीची बाटली हाती दिली. आता त्यांना चक्कर येत होती, चिडचिड वाढली होती आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटत होते. फुलांचे औषध आतला त्रास बाहेर काढत आहे, अशी त्यांची समजूत होती. वास्तविक, या प्रकारची गोळी एकाएकी थांबवल्यावर दिसणारी ही लक्षणे आहेत. दारूच्या व्यसनात असते तशी ओढ किंवा मात्रा वाढवत नेण्याची निकड या गोळीत नसते. परंतु तिच्याशिवाय जुळवून घ्यायला मेंदूला अवधी लागतो, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच टप्प्याटप्प्याने कमी करायची असते. मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवले आणि गोळी पुन्हा सुरू झाली.

पुढच्या भेटीत त्यांनी विचारले, "मग फुलांमध्ये काहीच नाही का?" या प्रश्नाला झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही. इंग्लंडमधील डॉक्टर एडवर्ड बाख (१८८६–१९३६) यांनी ३८ औषधांची ही पद्धत मांडली. नाजूक फुले झऱ्याच्या पाण्यावर उन्हात ठेवतात, काही झाडांच्या डहाळ्या उकळतात, आणि ते पाणी ब्रँडीत टिकवून पुढे इतके विरळ करतात की मूळ वनस्पतीचा अंश जेमतेमच उरतो. खरे औषध आणि तसेच दिसणारे निव्वळ द्रावण यांची तुलना केलेल्या चाचण्यांचा आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुष्पौषधीचा वेगळा गुण दिसून आला नाही. थेंब घेतल्यावर बरे वाटते हा लोकांचा अनुभव खोटा नाही, पण त्याचे श्रेय फुलाला देता येत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. थेंबांत ब्रँडी असते, म्हणून दारू सोडलेल्या व्यक्तीने, विशेषतः डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचे औषध चालू असताना, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत.

तरीही बाख यांच्या यादीची एक गोष्ट मला मोलाची वाटते. तिच्यात भीतीचेसुद्धा प्रकार पाडलेले आहेत: कारण सांगता येते अशा भीतीसाठी मिम्युलस, कारण न सापडणाऱ्या धास्तीसाठी अ‍ॅस्पेन, आणि जिवलगांच्या अतिकाळजीसाठी रेड चेस्टनट. बाईंनी माहितीपत्रकात रेड चेस्टनटखाली दोनदा रेघ मारली होती. ती का मारली, असे विचारल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग, आधीच्या पाच भेटींत एकदाही न काढलेला विषय त्यांनी काढला: पंचवीस वर्षांपूर्वी रात्री आलेला फोन आणि मोटारसायकलवरून घसरून मरण पावलेला धाकटा भाऊ. मुलानेही पुण्यात मोटारसायकल घेतली होती.

त्यानंतर आमचे काम या फोनभोवती सुरू झाले. बाई मुलाला दिवसातून सात वेळा फोन करीत असत. मुलाशी बोलून रात्री नऊची एकच वेळ ठरवली, आणि मधल्या वेळेत काळजी दाटून आली की ती वेळेसह वहीत लिहायची, दहा मिनिटे थांबायचे, असे ठरले. थेंब घ्यायचेच असतील तर गोळीसोबत, डॉक्टरांना सांगून घ्या, असे मी सुचवले. त्यांनी ते चालू ठेवले. तिसऱ्या आठवड्यात त्या आल्या, तेव्हा वहीची चार पाने भरली होती आणि फोन दोनवर आले होते.