प्रश्न तुमचे, प्रवास आमचा: ओकावांगोला जावं का?

प्रश्न: मुलगा आम्हा दोघांना जुलैत बोत्स्वानातल्या ओकावांगोच्या पाणथळीत एका आलिशान कॅम्पवर पाठवतोय. आठच तंबू, तीन रात्री. कुंपण नाही म्हणे! यांचे गुडघे दुखतात, आम्ही पूर्ण शाकाहारी. त्यात पावसाळ्यात चिखलाशिवाय काय दिसणार? एवढा पैसा घालवावा का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, जरूर जा. पावसाची भीती आधी मनातून काढा. तिथं जुलै म्हणजे कोरडा हिवाळा, तरी पाणी सगळ्यात जास्त त्याच सुमारास. आपली उजनी कुठं सोलापूरच्या पावसावर भरते? पुण्याकडच्या घाटात कोसळला की भरते. ओकावांगोचंही तसंच. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगराळ भागात, आपल्या दिवाळीनंतर मार्चपर्यंत. ते पाणी सपाट वाळवंटी मुलखात पपायरस नावाच्या उंच पाणवनस्पतीच्या रानातून इतकं सावकाश सरकतं की पोचायला काही महिने जातात. समुद्र त्याला भेटतच नाही. बरंचसं उन्हानं उडून जातं, उरलेलं वाळूत जिरतं. मी जन्मभर भूगोल शिकवला, पण हे डोळ्यांनी पाहिलं तेव्हा गप्प झाले. तिथल्या चलनाचं नाव पुला, म्हणजे पाऊस. आपल्यासारख्या दुष्काळी भागातल्या माणसाला हे लगेच कळतं.

मोकोरोत बसायचंच. ही लांबट, उथळ होडी. पूर्वी झाडाचं खोड कोरून करत, आता बहुतेक फायबरची असते. नावाडी मागं उभा राहून काठीनं रेटतो, आपण पाण्याच्या वीतभर वर. इंजिन नाही, त्यामुळं कमळाच्या पानांवर होडी घासल्याचासुद्धा आवाज येतो. माझ्या नाकासमोर लव्हाळ्याच्या काडीवर अंगठ्याच्या पेराएवढा रंगीत बेडूक चिकटून बसला होता, गळा धडधडत. सिंह मी नंतर पाहिला, पण आठवतो तो बेडूक. गुडघ्यांचं आधी सांगून ठेवा. बसता-उठताना नावाडी हात देतो.

कुंपण नसतं, हे खरं. म्हणून अंधार पडल्यावर एकट्यानं तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही. कॅम्पचा माणूस बॅटरी घेऊन न्यायला-आणायला येतो, त्याचं ऐकायचं. एका रात्री माझ्या तंबूला लागून पाणघोडा चरत होता. गवत उपटल्याचा आवाज कापडाच्या पलीकडून स्पष्ट येत होता. मी पहाटेपर्यंत जागी होते, आणि ती रात्र मला पुन्हा हवी आहे.

सामानाची मात्र माझ्यासारखी चूक करू नका. माऊन या तिथल्या गावाहून कॅम्पला छोट्या विमानानं जावं लागतं. त्यात मऊ कापडी बॅगच चालते, वजन साधारण 20 किलो, हातातली पिशवी धरून. बुकिंग करणाऱ्यानं मला हे सांगितलंच नव्हतं. कडक सूटकेस माऊनलाच राहिली आणि मी तीन दिवस दोन साड्यांवर काढले, तेही कुडकुडत. पहाटेच्या उघड्या जीपमध्ये थंडी हाडात शिरते. स्वेटर, कानटोपी न्या. सोलापुरी चादर नको, पांघरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवलेली असते. शाकाहाराचं बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना महिनाभर आधी विचारा.

पैशाचं म्हणाल तर माणसं थोडी आणि दर जास्त, हे तिथल्या सरकारनं ठरवून केलंय. गर्दी नाही, म्हणूनच ते पाणी अजून नितळ आहे. 2014 मध्ये ओकावांगो जागतिक वारसा यादीतलं 1000वं ठिकाण ठरलं.

आता मुलाला एकच विचारा: कॅम्प पाण्यालगतचा आहे की कोरड्या भागातला? जुलैत तिथून मोकोरो निघत नसेल, तर आत्ताच बदलून घ्या.