चढ-उतार खरा मानण्याआधी

पुणे

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तू कळवलंस, एका रात्रीत ब्लेझारची (मध्यावरच्या कृष्णविवराजवळून निघणारा कणांचा झोत, म्हणजे जेट, आपल्याकडे रोखलेली दीर्घिका) तेजस्विता चढली-उतरली, आणि त्यावरून तू थेट जेटमधल्या शॉकपर्यंत, म्हणजे धक्कालहरीपर्यंत पोचलीस. जरा थांब. आधी तुलनेचे दोन तारे तपास, म्हणजे ज्यांच्याशी ताडून तू ब्लेझारची तेजस्विता मोजलीस ते. त्या दोघांमधला फरक रात्रभर सपाट राहिला का? त्यांची तेजस्विता आणि रंग ब्लेझारच्या जवळपास आहेत का? फोटोमेट्रीचं, म्हणजे तेजस्विता मोजण्याचं, सॉफ्टवेअर मोजणीतली त्रुटी कमीच सांगतं. अनुभवी निरीक्षक ती दीडपट धरतात, ते उगाच नाही. आणि मार्केरियन ४२१ सारखा जवळचा ब्लेझार असेल तर भोवतालच्या दीर्घिकेचाही प्रकाश तुझ्या मोजणीत येतो. सीइंग (हवेच्या अस्थिरतेमुळे प्रतिमा किती पसरते ते) बिघडलं की त्याचा वाटा बदलतो, ब्लेझार बिचारा शांत असला तरी!

एवढं करूनही बदल टिकला, तर मात्र मजा आहे. बदलाच्या काळात प्रकाश जेवढं अंतर कापतो, त्याहून उगम फार मोठा असू शकत नाही. जेट आपल्या दिशेनं येत असल्यामुळे या मर्यादेला डॉप्लर घटकानं (त्या वेगामुळे बदल आपल्याला जितक्या पट झटपट दिसतो तो आकडा) गुणायचं. जुलै २००६ मध्ये नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी पीकेएस २१५५-३०४ या ब्लेझारची गॅमा किरणांतली तेजस्विता सुमारे २०० सेकंदांत दुप्पट होताना पाहिली. २०० सेकंदांत प्रकाश जातो ६ कोटी किलोमीटर. डॉप्लर घटक १० धरलास तर ६० कोटी. आणि १०० कोटी सूर्यांएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या भरते जवळपास ३०० कोटी! म्हणजे उगम कृष्णविवराहूनही लहान निघतो. तेव्हा एकतर जेटचा वेग आपण समजतो त्याहून बराच जास्त, नाहीतर चमकतो तो जेटच्या आतला एखादा छोटा तुकडा. हा हिशोब स्वतः कागदावर कर. शोधनिबंधातून उचललेला आकडा अंगात मुरत नाही.

आता तरंगलांबीकडे ये. मार्केरियन ४२१ च्या जातीच्या ब्लेझारमध्ये क्ष-किरण सिंक्रोट्रॉनचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात वेगानं फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी सोडलेले. त्याच इलेक्ट्रॉनांनी फोटॉनांना ढकलून उच्च ऊर्जेचे गॅमा किरण तयार होतात, असं साधं चित्र. मग दोन्ही एकत्र उसळायला हवेत, आणि बहुतेकदा उसळतातही. पण २००२ मध्ये १ईएस १९५९+६५० नं क्ष-किरणांची साथ नसताना गॅमा किरणांत उसळी घेतली. मला असे हट्टी अपवाद जास्त आवडतात. ते पकडायचे तर निरीक्षणं एकाच वेळची हवीत. ‘सोमवारचे क्ष-किरण, गुरुवारचा दृश्य प्रकाश’ यावरून तासांचा विलंब काढणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस.

म्हणूनच अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश वेधशाळेची जुनी निरीक्षणं चाळ, असं मी सांगतो. अतिनील आणि क्ष-किरण एकाच वेळी, शिवाय मदत विचारायला पुण्यातली खगोलशास्त्र संस्था आयुका हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात दुर्बीण बंदच असते, तेव्हा हेच काम काढ. फक्त सुमारे ९८ मिनिटांची लय सापडली तर पेढे वाटू नकोस. ती उपग्रहाच्या कक्षेची असते.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीबद्दल तू विचारलंस. कमी वारंवारितेवर जेटचा आतला भाग अपारदर्शक असतो, त्यामुळे आतली उसळी तिथं फार उशिरा आणि पसरून दिसते. झटपट लुकलुक दिसली तर ती बहुधा आपल्याच आकाशगंगेतल्या आयनीभूत वायूमुळे. तेव्हा या प्रकल्पात रेडिओ नको. पुढच्या आठवड्यात येताना तुलना-ताऱ्यांचे आकडे घेऊन ये.