पहिल्यांदाच श्रद्धांजली लिहिताय ना?
खेळाचे प्रशिक्षक असलेले तुमचे मामा गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. तुम्हाला ती जिथे वाचायची आहे ती शोकसभा परवाच आहे, म्हणून मोजकंच सांगतो.

जन्मतारीख आणि पदकांच्या यादीने सुरुवात करू नका, नवखे तिथेच अडकतात. प्रसंग घ्या. सचिन तेंडुलकरचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर २ जानेवारी २०१९ ला गेले. त्यांच्या द्रोणाचार्य पुरस्काराचं वर्ष (१९९०) मला बघावं लागतं, पण स्टंपवर ठेवलेलं ते रुपयाचं नाणं डोळ्यांसमोर आहे: सचिनला बाद करील त्याचं, नाहीतर सचिनचं.

- मामांचं असं ‘नाणं’ शोधा. घरातलं मामींना विचारा, मैदानावरचं त्यांच्या हाताखाली घडलेल्या पोरांना.
- ‘पोकळी निर्माण झाली’ नको.
- मोठ्याने दोनदा वाचा. आवाज कुठे भरून येतो ते आधीच कळेल. तिथे खुशाल थांबा, पाणी प्या, मग पुढे वाचा.