लांबच्या राइडला सोबती कसा निवडावा?

प्रश्न : नागपूरहून लेहला बाइकने जायचंय, पण सोबती नाही. कुठे शोधावा? – एक वाचक, महाल

उत्तर : तुमच्या मेकॅनिकला विचारा. कोण गाडी खरंच लांब नेतो, हे त्याला ओडोमीटरवरून ठाऊक असतं. पण थेट लेह नको. आधी एक मुक्काम ठेवून चिखलदरा करा. (समृद्धीवर दुचाकींना बंदी आहे, अमरावतीचा जुना रस्ताच धरा.) घाटात तो वळणावर ओव्हरटेक करतो का, ते तिथेच कळतं. पेट्रोलचे थांबे लहान टाकीवाल्याच्या हिशेबाने ठरवा. तिघं-चौघं असाल तर सर्वांत हळू चालवणारा दुसऱ्या क्रमांकावर हवा. शेवटी ठेवला, तर पुढच्यांना गाठायच्या नादात तो वेग वाढवतो आणि तिथेच घात होतो. साधारण दर ५०० किलोमीटरला चेन पुसून ल्यूब लावायचा कंटाळा करणारा मात्र सोबत नकोच.