मॉन्टू ‘पॉझिटिव्ह’ आली, आता नोकरीचं काय?

प्रश्न : मी २४ वर्षांची, जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) झालेय. मिरजेत वर्षभर मेडिसिन वॉर्डात होते, आता पुण्यात नोकरी लागतेय. रुजू होण्याआधीच्या तपासणीत मॉन्टू टेस्ट (टीबीसाठी हातावर टोचून करतात ती) पॉझिटिव्ह निघाली. रिपोर्टवर ‘लाली १६ मिमी’ असं लिहिलंय. छातीचा फोटो नॉर्मल आहे. खोकला, ताप काही नाही. एचआरवाले म्हणतात, छातीच्या डॉक्टरांकडून फिटनेस आणा. आईने तर माझं ताट-पेलाच वेगळा काढलाय. मला टीबी झालाय का?

उत्तर : तुझ्याएवढी मुलगी आहे मला, म्हणून एकेरीतच बोलते. तुझ्या पत्रात मी अडले ती ‘लाली’पाशी. मॉन्टूत लाली मोजायची नसतेच! ४८ ते ७२ तासांनी हातावर जो टणक उंचवटा येतो, तो मोजायचा, आणि तो बोटांना कळतो. मी बॉलपेन बाहेरून आत हळूच सरकवते. अडलं की तिथे रेघ. दुसऱ्या बाजूनेही तसंच, मग दोन रेघांमध्ये आडवी पट्टी. लालबुंद मोठा चट्टा आणि खाली उंचवटा जेमतेम ६ मिमी, असे हात मी पुष्कळ पाहिलेत.

बरं, उंचवटाच १६ मिमी होता असं धरू. तरी त्याचा अर्थ एवढाच, की टीबीचा जंतू कधीतरी अंगात शिरलाय आणि शरीर त्याला ओळखतं. आजार आहे की नाही, हे ही टेस्ट सांगत नाही. इंटर्नशिपमध्ये माझाच हात १८ मिमी आला होता. त्याला ३० वर्षं झाली. जंतू शिरलेल्या १०० जणांत आयुष्यभरात ५ ते १० जणांनाच आजार होतो. (कुणी म्हणेल, ‘बीसीजीमुळे आलं असेल.’ तान्हेपणी टोचलेल्या बीसीजीचा असर २४व्या वर्षी सहसा एवढा उरत नाही. वॉर्डातलं वर्ष मला जास्त संशयास्पद वाटतं.)

म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे जाच, पण फोटोची फिल्म घेऊन. नुसता रिपोर्ट नको. त्यांना काही खटकलं नाही, तर ‘लक्षणं नाहीत, फोटो स्वच्छ, सध्या क्षयरोग नाही, कामास योग्य’ एवढं लिहून माग. आजार होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा, असे १२ डोस घ्यायचे औषध असतं. तुला ते हवं का, हेही तिथेच विचार. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर आवर्जून सांग. इग्रा या रक्ततपासणीला बीसीजी आड येत नाही, पण तीही पॉझिटिव्ह आली की आपण पुन्हा इथेच: जंतू शिरलाय, एवढंच कळतं. रुग्णालय अडून बसलं तरच तिच्यावर पैसे घाल.

मॉन्टू मात्र परत करून घेऊ नकोस. एकदा आली की ती बहुधा येतच राहते. दोन आठवड्यांवर खोकला राहिला, संध्याकाळचा ताप आला किंवा वजन उतरलं, तर थुंकी तपासायची.

आणि टीबी ताट-पेल्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो; तोही आजार असेल तर. हे उत्तर आईला मोठ्याने वाचून दाखव.