चॅटबॉटला विचारायचं कसं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ६८ वर्षांचा निवृत्त शिक्षक. मुलगी म्हणते, "बाबा, एआयला विचारा." पण कोणतं अ‍ॅप घ्यायचं, पैसे पडतात का, पहिलं काय विचारायचं, इथेच गाडी अडते. (सांगली)

एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, आणि तिच्या जोरावर आपल्या प्रश्नांना गप्पांसारखी उत्तरं देणारं अ‍ॅप म्हणजे चॅटबॉट. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड, कोपायलट यांपैकी कोणतंही एक घ्या आणि महिनाभर तेच वापरा. रोजच्या कामाला फुकट मिळणारी आवृत्ती पुरते. मराठीतून सुरुवात करायची असेल तर जेमिनी सोयीचं आहे. त्याचं अ‍ॅप जून २०२४ मध्ये भारतात आलं तेव्हापासूनच त्यात मराठी आहे. प्ले स्टोअरवर सारख्या नावांची, सारख्या चिन्हांची अ‍ॅप्स बरीच दिसतात, म्हणून खाली कंपनीचं नाव वाचा : चॅटजीपीटीखाली ओपनएआय, जेमिनीखाली गूगल, क्लॉडखाली अँथ्रॉपिक. उघडल्या उघडल्या कार्डाचा नंबर मागणारं अ‍ॅप लगेच काढून टाका.

पहिला प्रश्न तुम्हाला पूर्ण माहीत असलेल्या विषयावरचा विचारा. तुम्ही जो विषय आयुष्यभर शिकवलात, त्यातला एखादा अवघड धडा त्याला समजावून सांगायला लावा. तो कुठे छान मांडतो आणि कुठे चुकीचं तितक्याच आत्मविश्वासाने सांगतो, हे तुमच्या पटकन लक्षात येईल. ही पारख एकदा आली की पुढे ज्या विषयातलं तुम्हाला माहीत नाही, तिथे किती विसंबायचं याचा अंदाज राहतो.

प्रश्न : विजेचं बिल एकदम वाढलं. चॅटबॉटला कारण विचारलं तर "एलईडी दिवे लावा, पंखे बंद ठेवा" एवढंच सांगितलं. मग याचा उपयोग काय? (डोंबिवली)

तुमचं बिल त्याने पाहिलेलंच नाही, म्हणून तो सगळ्यांना लागू पडेल असं काहीतरी बोलला. या महिन्याचं आणि मागच्या महिन्याचं बिल घ्या, नाव, पत्ता आणि ग्राहक क्रमांक कागदाने झाका, दोन्हींचे फोटो टाका आणि असं विचारा : "दोन्ही बिलांतली चालू आणि मागील रीडिंग, युनिट, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क समोरासमोर मांड. वाढ नेमकी कोणत्या रकान्यात झाली ते सांग. बिलात नसलेलं काही गृहीत धरू नकोस."

आता उत्तर कामाचं येईल. घरगुती दर टप्प्यांचे असतात : पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. त्यामुळे उन्हाळ्यात वापर थोडा वाढला तरी रक्कम त्या मानाने जास्त चढते. दरांचे आकडे मात्र बिलावरचेच धरा, त्याच्या आठवणीतले नको. दर बदलत असतात आणि त्याच्याकडे जुने असू शकतात. बेरीज कॅल्क्युलेटरवर करून बघा. मीटरवरचा आजचा आकडा बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा कमी निघाला, तर कारण घरातल्या दिव्यांत नाही, रीडिंग घेण्यात आहे. तेवढ्यावर तक्रार करता येते.

चॅटबॉट वापरताना हीच सवय सर्वात जास्त उपयोगी पडते, असं माझं ठाम मत आहे. कागद आपला द्यावा, समजावून घेण्याचं काम त्याच्याकडून करून घ्यावं. त्याच्या आठवणीतून माहिती काढायला गेलात की घोटाळे सुरू होतात.

प्रश्न : गावच्या पाणीयोजनेवर किती खर्च झाला हे माहिती अधिकारात विचारायचं आहे. चॅटबॉटने दोन पानी अर्ज लिहून दिला, कलमं आणि कोर्टाचे निकालही घातले. तसाच देऊ का? (औसा)

देऊ नका. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. ही राज्यापुरती अट आहे, आणि चॅटबॉटला ती बऱ्याचदा सुचत नाही, कारण त्याने देशभरातले नमुने वाचलेले असतात. दोन पानी अर्ज परत आला तर तुमचे दिवस वाया जातील.

त्याला असं सांगा : "महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याला अर्ज लिही. विषय एक, शब्द १५० च्या आत. 'का' आणि 'कसे' असे प्रश्न नकोत, फक्त कागदपत्रांच्या प्रती माग." कोणती कागदपत्रं ते तुम्ही सांगा : योजनेचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, ठेकेदाराला दिलेली देयकं. खर्चाचा खरा हिशोब मोजमाप पुस्तिकेत सापडतो, पण हे गावात काम पाहिलेल्या माणसाला ठाऊक असतं. चॅटबॉट ते आपणहून मागेलच असं नाही. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, मात्र पुरावा जोडावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवस.

कोर्टाचे निकाल तर काढूनच टाका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल कोर्टात सादर केले होते. ते निकाल अस्तित्वातच नव्हते; न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला. त्यातल्या एका वकिलाने चॅटबॉटलाच "हे निकाल खरे आहेत का?" असं विचारलं होतं आणि त्याने हो म्हणून सांगितलं होतं. हा किस्सा मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आपणही तेच करतो. "नक्की ना?" असं त्यालाच विचारणं म्हणजे खात्री करणं नव्हे. आधीच्या शब्दांना साजेसा पुढचा शब्द जुळवत जाणं, ही त्याची मूळ रीत. निकालाचं नाव, तारीख, पान क्रमांक हे सगळं त्याला खऱ्यासारखं जुळवता येतं. इंटरनेटवर शोधून उत्तर देण्याची सोय चालू असेल तर तो दुवे देतो. ते उघडून स्वतः वाचा.

प्रश्न : यजमानांचा रक्ताचा रिपोर्ट टाकला तर चालेल का? डॉक्टरांकडे विचारायला वेळच मिळत नाही. (नाशिक)

नाव झाकून टाका, चालेल. एचबीएवनसी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, ५.७ च्या खाली सामान्य, ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेहाच्या पातळीत. अशा गोष्टी तो चांगल्या समजावतो. त्याचा खरा फायदा पुढच्या भेटीसाठी करून घ्या : "हा रिपोर्ट आणि चालू गोळ्या पाहून डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न मराठीत लिहून दे." ती चिठ्ठी घेऊन गेलात तर पाच मिनिटांतही कामाचं बोलणं होतं. गोळीचा डोस कमी-जास्त करण्याबद्दल मात्र त्याचं कधीही ऐकू नका, तो कितीही समजूतदारपणे सांगत असला तरी. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, अशा वेळी चॅट उघडू नका, १०८ ला फोन लावा.

प्रश्न : मी सोसायटीचा सचिव. सूचना, इतिवृत्त सगळं त्याच्याकडून लिहून घेतो. थकबाकीदारांची यादीही टाकली. काही धोका? (पुणे)

इतिवृत्तासाठी तो उत्तम आहे. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घेण्याच्या धावपळीत तुमचा बराच वेळ वाचेल. यादी टाकायला नको होती. नावं, फ्लॅट क्रमांक, मोबाइल नंबर ही सभासदांची माहिती आहे, ती बाहेर देण्याचा अधिकार तुम्हाला नाही. "सभासद अ, सभासद ब" असं लिहा, नावं नंतर स्वतः भरा. ती जुनी चॅट आजच काढून टाका, आणि सेटिंग्जमध्ये जाऊन तुमच्या गप्पा चॅटबॉटला शिकवण्यासाठी (प्रशिक्षणासाठी) वापरण्याची कंपनीला असलेली परवानगी बंद करा. आधार, पॅन, बँकेचा तपशील, ओटीपी कुठल्याच चॅटमध्ये टाकू नये. एआयच्या नावाखाली कुणी फोन करून पैसे काढलेच, तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

प्रश्न : मराठीत टाइप करणं जमत नाही. इंग्रजीतच विचारावं लागेल का? (कोल्हापूर)

नाही. माइकचं चिन्ह दाबून बोला, किंवा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहा. दोन्ही त्याला कळतं. उत्तर जड आलं तर "आईला सांगतोयस असं, छोट्या वाक्यांत सांग" म्हणा.

प्रश्न : नववीतला नातू निबंध त्याच्याकडूनच लिहून घेतो. बंद करू का? (चिपळूण)

बंद करू नका, क्रम बदला. आधी नातवाने वहीत स्वतः लिहायचं, मग फोटो टाकून विचारायचं : "माझा निबंध बदलू नकोस. कुठला मुद्दा अर्धवट राहिला ते सांग आणि मला तीन प्रश्न विचार." त्या प्रश्नांची उत्तरं नातू तुमच्याशी बोलून शोधेल तर फारच छान. चिपळूणच्या पुराबद्दल लिहायचं असेल तर २००५ आणि २०२१ चं पाणी तुमच्या घरापाशी कुठवर आलं होतं, हे चॅटबॉटला माहीत नाही, तुम्हाला आहे. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला मात्र शब्दकोशच जवळ ठेवा. मराठी शुद्धलेखनात चॅटबॉट अजून बऱ्याचदा चुकतो, आणि बरोबर असलेला शब्दही चुकीचा ठरवतो.